हरलेल्या ठेकेदाराची हरकत

सरकारी खरेदीतला काही हिस्सा लहान उद्योगांसाठी राखून ठेवावा, याला तत्त्वतः विरोध करणारा माणूस शोधून सापडणार नाही. विरोध सुरू होतो तो पहिली निविदा उघडली की. लहान कोण, तो खरोखर लहान आहे की मोठ्याने पुढे केलेले प्यादे, हे काम राखीव ठेवायलाच हवे होते का, ठेवायचे तर याच गटासाठी का, अशी भांडणे लागतात आणि खरेदी अधिकाऱ्याच्या टेबलावरून न्यायालयापर्यंत जातात. अमेरिकेत या भांडणांना ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. तिथले टीकाकार, आणि थकलेभागलेले अधिकारीही, हा इतिहास योजना फसल्याचा पुरावा म्हणून मांडतात: कल्पना चांगली होती, वकिलांनी तिची माती केली. माझे म्हणणे उलटे आहे. राखीव कंत्राटांची तरतूद अमेरिकेत कागदावरून जमिनीवर जेवढी उतरली, तेवढी ती मुख्यतः हरलेल्या ठेकेदारांनी घेतलेल्या हरकतींमुळे उतरली. आणि जिथे हरकत घ्यायला प्रतिस्पर्धीच ठेवला नव्हता, तिथे ती सडली.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धात झाली. जून १९४० ते सप्टेंबर १९४४ या काळात अमेरिकी सरकारने सुमारे १७५ अब्ज डॉलरची मूळ युद्धकंत्राटे दिली आणि त्यांतली जवळपास दोन तृतीयांश रक्कम अवघ्या शंभर कंपन्यांकडे गेली. यात कटकारस्थान असण्याची गरज नव्हती. लष्करी अधिकाऱ्याला माल ठरल्या तारखेला हवा होता. चाळीस गावांतल्या चाळीस यंत्रशाळांशी बोलणी करत बसण्यापेक्षा डेट्रॉइटच्या एका बड्या कारखान्याशी करार करणे त्याला सोयीचे होते. शिवाय बड्याला काम देऊन ते फसले तर ठपका त्याच्यावर येत नाही, लहानाला देऊन फसले तर येतो. ही सोय सगळ्या काळांतल्या, सगळ्या देशांतल्या खरेदी अधिकाऱ्यांना कळते. त्याच वेळी पोलाद, तांबे, ॲल्युमिनियम यांच्या नागरी वापरावर निर्बंध आले होते. घरगुती वापराच्या वस्तू बनवणाऱ्या लहान कारखानदाराला कच्चा माल मिळेना आणि युद्धाचे कामही मिळेना. माँटानाचे सिनेटर जेम्स मरे आणि टेक्ससचे प्रतिनिधी राइट पॅटमन यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि जून १९४२ मध्ये ‘स्मॉलर वॉर प्लँट्स कॉर्पोरेशन’ हे महामंडळ कायद्याने स्थापन झाले. त्याच्या हाती एक विलक्षण अधिकार होता. ते स्वतः सरकारकडून मूळ कंत्राट घेऊन त्याची पोटकंत्राटे लहान कारखान्यांना देऊ शकत होते. तरीही शंभर कंपन्यांचा वर दिलेला आकडा या महामंडळाच्या दोन वर्षांच्या कामासकटचा आहे.

महामंडळाला अधिकार होता, पण ज्याच्यासाठी ते स्थापन झाले त्या कारखानदाराला कोणताही हक्क नव्हता, हे यामागचे एक मोठे कारण मला दिसते. १९४० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने पर्किन्स विरुद्ध ल्युकेन्स स्टील या खटल्यात सांगून टाकले होते की, सरकारी खरेदीचे नियम सरकारच्या हितासाठी असतात. ते मोडले म्हणून पुरवठादाराला न्यायालयात दाद मागता येणार नाही. खासगी व्यापारी जसा हव्या त्याच्याकडून माल घेतो तसे सरकारही घेऊ शकते. या निकालाच्या छायेत लहान उद्योगांना मदत म्हणजे विनंती, पाठपुरावा आणि अधिकाऱ्याची मर्जी. १९४६ मध्ये महामंडळ गुंडाळले गेले. कोरियाच्या युद्धात, १९५१ साली, त्याच धर्तीचे दुसरे कार्यालय निघाले. अखेर ३० जुलै १९५३ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने लघुउद्योग कायदा झाला आणि ‘स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे लघुउद्योग प्रशासन, अस्तित्वात आले. १९५८ मध्ये ते कायमचे झाले. सरकारी खरेदीचा ‘रास्त वाटा’ लहान उद्योगांना मिळावा, असे कायद्यात होते. रास्त म्हणजे किती, हे खरेदी करणाऱ्या खात्याने आणि लघुउद्योग प्रशासनाने आपापसांत ठरवायचे होते. ज्याला वाटा मिळाला नाही तो त्या बोलण्यात कुठेच नव्हता.

प्रशासनावर सगळे सोपवले की व्याख्येचे काय होते, याचा नमुना १९६६ मध्ये पाहायला मिळाला. कायद्याची व्याख्या सैल होती: स्वतंत्र मालकीचा, स्वतंत्र कारभाराचा आणि आपल्या क्षेत्रात वर्चस्व नसलेला उद्योग म्हणजे लहान. आकडे प्रशासनाने ठरवायचे. कारखान्यांसाठी साधारण पाचशे कामगारांची मर्यादा रूढ होती. त्या वर्षी अमेरिकन मोटर्स ही मोटारकंपनी सरकारी कंत्राटांसाठी लहान ठरवण्यात आली. तिची वार्षिक विक्री शंभर कोटी डॉलरच्या घरात होती. युक्तिवाद तर्कशुद्ध होता: जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर यांच्यापुढे ती लहानच होती, आणि वर्चस्व तर तिचे कुठेच नव्हते. तर्क शुद्ध आणि निष्कर्ष हास्यास्पद, असे सरकारी कामात पुष्कळदा घडते.

याच्या शेजारी दुसरी व्यवस्था हळूहळू उभी राहत होती. एखाद्या राखीव निविदेत दुसरा क्रमांक आलेल्या ठेकेदाराला वाटले की जिंकलेला लहान नाही, तर त्याने पाच कामकाजी दिवसांत लेखी हरकत घ्यायची. खरेदी अधिकाऱ्याने ती दाबून न ठेवता लघुउद्योग प्रशासनाकडे पाठवायची. तिथल्या निर्णयावर पुढे अपील. वरवर पाहता ही किरकोळ कार्यपद्धती आहे. पण वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या तपासनिसाला जे कधीच कळणार नाही ते शेजारच्या ठेकेदाराला आधीपासून ठाऊक असते: ही कंपनी कुणाच्या गोदामातून चालते, तिचे ट्रक कुणाच्या नावावर आहेत, मालकीणबाई कुणाची वहिनी आहे, आणि काम प्रत्यक्षात कोण करणार आहे. अशा शेकडो हरकतींच्या निकालांतून ‘संलग्नते’चे नियम घडत गेले. मालकी एकाकडे पण नियंत्रण दुसऱ्याकडे असेल, कार्यालय आणि कामगार सामाईक असतील, किंवा नावाला मुख्य ठेकेदार लहान पण सगळा भार मोठ्या पोटठेकेदारावर असेल, तर दोघांचे आकडे एकत्र धरायचे. सेवांच्या राखीव कंत्राटात सरकारकडून मिळालेल्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम बड्या पोटठेकेदारांना देता येणार नाही, ही अटही त्याच शहाणपणातली. हे नियम अभ्यासिकेत बसून सुचणारे नव्हते. प्रत्येकामागे कुणीतरी केलेली लबाडी आणि तिच्यावर चिडलेला कुणीतरी प्रतिस्पर्धी आहे.

१९७० मध्ये स्कॅनवेल लॅबोरेटरीज या कंपनीच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ल्युकेन्सची भिंत फोडली. नियम मोडून दुसऱ्याला कंत्राट दिले गेले असेल तर हरलेल्या निविदाकाराला न्यायालयात उभे राहता येईल, कारण तो स्वतःसाठी भांडत असला तरी त्यातून कायद्याचे पालन होते, असा त्या निकालाचा आशय. माझ्या म्हणण्याचा गाभाही हाच आहे.

आता दुसरी बाजू, जिथे प्रतिस्पर्धी नव्हता. लघुउद्योग कायद्यातल्या कलम ८(अ)मध्ये युद्धकाळातला तो जुना अधिकार जसाच्या तसा पडून होता: प्रशासनाने सरकारकडून कंत्राट घ्यावे आणि आपल्या पसंतीच्या लहान उद्योगाला द्यावे. साठच्या दशकाच्या अखेरीस शहरांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत दंगली पेटल्या, तेव्हा त्याचा वापर अल्पसंख्याक उद्योजकांसाठी सुरू झाला. फ्लोरिडातल्या होमस्टेड हवाई तळावरच्या कचरा उचलण्याच्या कामावरून गोऱ्या ठेकेदारांनी खटला भरला; खालच्या न्यायालयात ते जिंकले, १९७३ मध्ये अपिलात हरले. १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या योजनेला रीतसर कायद्याची चौकट दिली आणि ‘सामाजिक व आर्थिक दृष्ट्या वंचित’ उद्योजक असा निकष घातला. कोणते गट वंचित मानायचे, यावर मग अर्ज सुरू झाले. १९८२ मध्ये भारतीय वंशाच्या अमेरिकनांच्या संघटनेचा अर्ज मंजूर झाला. व्हर्जिनियात किंवा न्यू जर्सीत सॉफ्टवेअर कंपनी काढणाऱ्या मराठी माणसालाही त्यामुळे वंचिताचे गृहीतक लागू झाले. हसिदी ज्यूंचा आणि इराण्यांचा अर्ज मात्र फेटाळला गेला. हे निर्णय बंद दाराआड, फाइलींवर झाले, आणि त्यांतली सुसंगती शोधू गेल्यास फारशी हाती लागत नाही.

या योजनेतली कंत्राटे निविदेविना दिली जात. म्हणजे हरणारा कुणी नाही, म्हणून हरकत घेणाराही नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली वेडटेक कंपनी याच मोकळ्या रानात वाढली. पोर्तो रिकन वंशाचे जॉन मॅरिओटा तिचे संस्थापक, फ्रेड न्यूबर्गर भागीदार. लष्कराला कंपनीची किंमत पटत नव्हती; तरी १९८२ मध्ये व्हाइट हाउसमधून हालचाल झाली आणि लहान इंजिने बनवण्याचे सुमारे ३ कोटी २० लाख डॉलरचे काम तिला मिळाले. पुढे नौदलासाठी तरते धक्के बनवण्याचे काम आले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी मॅरिओटा यांचे जाहीर कौतुक केले. १९८३ मध्ये कंपनीने शेअर बाजारातून भांडवल उभारले तेव्हा मॅरिओटा यांचा हिस्सा निम्म्याखाली गेला. म्हणजे ती आता या योजनेत बसत नव्हती. त्यावर समभागांची अशी कागदी फिरवाफिरवी केली गेली की हिस्सा कागदोपत्री पुन्हा निम्म्यावर आला, आणि प्रशासनाने तो मान्य केला. डिसेंबर १९८६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पाठोपाठ लाचखोरीचे खटले उभे राहिले आणि प्रतिनिधी मारिओ बियाजी दोषी ठरले. तुलना करून पाहावी. पाच दिवसांच्या हरकतीच्या व्यवस्थेत एखाद्या छोट्या कुंपणाच्या कामातही दुसरा ठेकेदार विचारतो की तुझा मालक खरा कोण. वेडटेकला कोट्यवधींच्या कामात हे विचारायला कुणाला जागाच नव्हती. १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने जो उपाय काढला तोही बोलका आहे. अधिक निरीक्षक नेमण्यावर न थांबता तिने ठरावीक रकमेवरच्या ८(अ) कंत्राटांसाठी, कारखानदारीत ५० लाख आणि इतरत्र ३० लाख डॉलरच्या वर, त्या गटातल्याच कंपन्यांत स्पर्धा सक्तीची केली. म्हणजे प्रतिस्पर्धी परत आणला. अलास्कातल्या मूलनिवासींच्या महामंडळांना मात्र यातून सूट राहिली, आणि पुढच्या वीस वर्षांतली बरीच टीका नेमकी त्यांच्या प्रचंड, निविदेविना मिळालेल्या कंत्राटांवर झाली.

कायदा असूनही खाते तो हलू देत नाही, अशा दोन प्रसंगांत हरकतीचे बळ सर्वांत स्पष्ट दिसते. २००० च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने महिला उद्योजकांसाठी कंत्राटे राखीव ठेवण्याची तरतूद केली. लघुउद्योग प्रशासनाने आधी कोणत्या क्षेत्रांत महिलांना कमी कामे मिळतात याचा अभ्यास करायचा होता. अभ्यास झाला, तो नापसंत ठरला, पुन्हा करायला घेतला, वर्षे गेली. २००४ मध्ये महिलांच्या वाणिज्य मंडळाने खटला भरला. २००५ मध्ये न्यायालयाने हा विलंब असमर्थनीय ठरवला. तरीही योजना प्रत्यक्ष सुरू व्हायला २०११ उजाडले. खटल्याने सगळे झटपट झाले असे म्हणता येणार नाही. पण खटल्याविना ते झाले असते असे मानायला मला तरी काही आधार दिसत नाही.

दुसरा प्रसंग किंग्डमवेअर या मेरीलँडमधल्या छोट्या कंपनीचा. तिचा मालक सेवेत अपंगत्व आलेला माजी सैनिक होता. २००६ च्या कायद्याने माजी सैनिक कल्याण खात्यावर बंधन घातले होते: रास्त भावात काम करू शकतील अशा माजी सैनिकांच्या किमान दोन लहान कंपन्या बोली लावतील असा वाजवी अंदाज असेल, तर कंत्राट त्यांच्यासाठी राखायचे. खात्याने तसे न करता संघराज्याच्या तयार दरसूचीतून आपत्कालीन सूचनायंत्रणा घेतली. किंमत वर्षाला सुमारे ३४ हजार डॉलर. कंपनीने, खरेदीविषयीच्या हरकती ऐकणाऱ्या संघराज्याच्या लेखापरीक्षण कार्यालयाकडे हरकत घेतली आणि ती जिंकली. खात्याने तो निर्णय मानला नाही. कारण लेखापरीक्षण कार्यालय शिफारस करते, हुकूम देत नाही. पुढे दोन न्यायालयांनी खात्याची बाजू घेतली. आपले वार्षिक उद्दिष्ट पूर्ण झाले की उरलेल्या खरेदीत आपण मोकळे, असे खात्याचे म्हणणे होते. जून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांच्या लेखणीतून, आठ विरुद्ध शून्य मतांनी, सांगितले की बंधन प्रत्येक कंत्राटाला आहे, उद्दिष्टापुरते नाही. तोवर वादातले काम कधीच संपून गेले होते, आणि वाद निरर्थक झाला का याचाही आधी विचार करावा लागला. अशी कामे दोन वर्षांत संपतात आणि खटला त्याहून जास्त चालतो; तेव्हा काम संपले म्हणून दार लावले तर कुणालाच कधी न्याय मिळणार नाही, हे न्यायालयाने ओळखले. चौतीस हजारांच्या भांडणाने अब्जावधींच्या खरेदीचा नियम ठरला. ज्या खात्याला बंधन पाळायचे होते त्याने दहा वर्षे ते आपल्या सोयीने वाचले, आणि सोय मोडली ती एका छोट्या कंपनीने.

आता आक्षेप. पहिला खर्चाचा आणि वेळेचा. १९८४ च्या स्पर्धाविषयक कायद्यानुसार लेखापरीक्षण कार्यालयाकडे वेळेत हरकत गेली की कंत्राट साधारणतः आपोआप थांबते आणि निर्णयाला शंभर दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. सैन्याला बूट हवे असताना कागदपत्रे चाळत बसायचे का, हा प्रश्न खोटा नाही. पण रँड संस्थेने २०१८ मध्ये संरक्षण खात्याच्या कंत्राटांचा अभ्यास केला तेव्हा हरकत आलेल्या कंत्राटांचे प्रमाण ०.३ टक्क्यांहूनही कमी निघाले, आणि निम्म्याहून अधिक हरकती लहान कंपन्यांच्या होत्या. अलीकडच्या वर्षांत लेखापरीक्षण कार्यालयाकडच्या जवळपास निम्म्या हरकतींत तक्रारदाराच्या पदरात काही ना काही पडते: कधी निर्णय बाजूने लागतो, बरेचदा खाते स्वतःच चूक सुधारते. निव्वळ त्रास देण्यासाठी केलेल्या तक्रारींचे चित्र असे नसते. वकिलाची फी परवडणाऱ्यालाच हे दार उघडते, ही तक्रार मात्र मला मान्य आहे. म्हणूनच वकिलाविना, एका पत्रावर चालणारी पाच दिवसांची हरकत मला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांहून मोलाची वाटते.

दुसरा आक्षेप असा की, एका राखीव गटाने दुसऱ्याशी भांडावे यात कसले आले कायद्याचे पालन? २०१८ मध्ये संघीय अपील न्यायालयाने माजी सैनिक खात्याच्या चष्म्यांची कामे अंधांच्या संस्थांऐवजी आधी माजी सैनिकांच्या कंपन्यांना विचारून द्यायला सांगितले. अंधांकडून खरेदी करण्याचा कायदा १९३८ चा आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम इथली अंधांची संस्था याच चष्म्यांवर अवलंबून होती. दोन दुबळ्यांना एका भाकरीवर सोडल्यासारखे हे दृश्य होते, यात शंका नाही. पण हा संघर्ष न्यायालयाने निर्माण केला नव्हता. अमेरिकी काँग्रेसने दोन वेळा, दोन गटांना, तेच वचन देऊन ठेवले होते आणि कोणते आधी हे सांगायचे टाळले होते. खटला झाला नसता तर ते अधिकाऱ्यांनी गुपचूप ठरवले असते. खटला झाल्यामुळे २०२० मध्ये अमेरिकी काँग्रेसला कायदा दुरुस्त करून अंधांच्या संस्थांच्या जुन्या वस्तूंना उघडपणे संरक्षण द्यावे लागले.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तिथे माझा युक्तिवाद पुरा पडत नाही. हरकत घेण्याचा हाच हक्क वापरून या योजनांचा एक मोठा भाग मोडला गेला. रिचमंड शहराने कंत्राटांतला ३० टक्के वाटा अल्पसंख्याकांच्या कंपन्यांकडे जावा असा नियम केला होता. शहराच्या तुरुंगात शौचालयाची भांडी बसवण्याच्या कामावरून क्रोसन कंपनी भांडली आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम रद्द केला. निम्मी वस्ती कृष्णवर्णीय असलेल्या या शहरात मूळ कंत्राटांपैकी एक टक्काही अल्पसंख्याकांकडे जात नव्हता. १९९५ मध्ये कोलोरॅडोतल्या रस्त्याकडेच्या कठड्यांच्या कामावरून अडारँड खटल्यात संघराज्याच्या योजनांनाही तीच कडक कसोटी लागू झाली. २०२३ मध्ये टेनेसीतल्या न्यायालयाने ८(अ) योजनेतले गटांविषयीचे गृहीतकच थांबवले. त्यानंतर प्रत्येक उद्योजकाला, भारतीय वंशाच्यालाही, आपल्या वंचनेची हकिकत स्वतंत्रपणे लिहून द्यावी लागली. हरलेला ठेकेदार न्यायाचा राखणदार नसतो. तो नियमाचा राखणदार असतो, तेही आपला फायदा असेल तेव्हा. संविधानानुसार कोणते नियम चालतील हे ठरवण्याचे काम त्याच्या रागावर सोडणे धोक्याचे आहे. तरी एवढे म्हणता येईल की रिचमंडच्या यादीत, त्या शहरात क्वचितच सापडतील असे एस्किमो आणि अलेउट लोकही घातलेले होते. १९८२ साली बंद दाराआड झालेल्या याद्यांइतकीच ती यादी निष्काळजी होती, आणि तिला विचारणारा कुणी येईल असे तयार करणाऱ्यांच्या मनातही आले नसावे.

भारतात सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २०१२ च्या आदेशाने केंद्रीय खात्यांवर आणि सार्वजनिक उपक्रमांवर खरेदीचे बंधन घातले. आता ते २५ टक्के आहे आणि ३५८ वस्तू पूर्णपणे राखीव आहेत. आपल्याकडची चर्चा बहुधा या टक्केवारीपाशी थांबते. अमेरिकेत टक्केवारीचे उद्दिष्ट १९९७ पासून २३ आहे आणि त्याच्यावरून फारसे कुणी भांडत नाही. भांडण सरकले आहे ते छत्रीकरारांकडे. यात सरकार एकाच वेळी अनेक कंपन्यांशी ढोबळ करार करून ठेवते आणि मग वर्षानुवर्षे त्याखाली कामाचे आदेश काढत राहते. अशा आदेशांवर लेखापरीक्षण कार्यालयाकडे हरकत घ्यायला १९९४ च्या कायद्याने जवळपास बंदी घातली. पुढे दार किलकिले झाले ते नागरी खात्यांत एक कोटी डॉलरच्या वरच्या आदेशांपुरते, आणि संरक्षण खात्यात ही मर्यादा २०१६ च्या अखेरीस अडीच कोटींवर नेण्यात आली. या आदेशांसाठी किमान दोन लहान कंपन्यांचा नियम बंधनकारक की ऐच्छिक, यावर खाती, लघुउद्योग प्रशासन आणि न्यायालये यांचे एकमत झालेले नाही. आणि मर्यादेच्या आतल्या आदेशात तो नियम डावलला गेला तर हरलेल्या लहान कंपनीला ते पत्र पाठवायचे कुठे, हेही ठरलेले नाही.